नळ आला म्हणून जमिनीखालचं पाणी सोडून द्यायचं?

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून संपवला. तेव्हापासून भारतातल्या मित्रमंडळींशी माझा एकच वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं असं: कचरा गेला, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने वस्त्यांना नळाचं पाणी मिळालं, आता जमिनीखालचं पाणी पितंय कोण? त्यावर पैसा कशाला ओतायचा? आणि जागच्या जागी शुद्धीकरण म्हणून जमिनीत आणखी रसायनं सोडायची, हे कसलं शहाणपण?

पहिल्या प्रश्नाने मी भडकते. जाळला तो बांधून ठेवलेला, डोळ्यांना दिसणारा कचरा. कारखाना चालू असताना आवारात जे पुरलं आणि बाहेरच्या तळ्यांत जे सोडलं, ते त्या 337 टनांत नव्हतं. तिथल्या भूजलात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड सापडलं आहे. ही द्रव्यं पाण्यापेक्षा जड. ती खाली जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी विरघळत राहतात. नळ टाकल्याने त्यांना काही होत नाही. शिवाय उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की माणूस हातपंपाकडेच वळणार.

मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये राहते. इथल्या सांता क्लारा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) सुपरफंडच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सफाई-यादीतल्या अतिदूषित, 23 जागा आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. चिप बनवणाऱ्या कारखान्यांतलं टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन, सुटे भाग धुण्याचं क्लोरीनयुक्त द्रव्य) जमिनीत झिरपलं. आमच्या नळाला मुख्यतः हेच हेची या डोंगरातल्या धरणाचं आणि व्हॅली वॉटर या स्थानिक पाणीसंस्थेचं पाणी येतं. तो उथळ, दूषित थर कुणी पीत नाही. तरी ऐंशीच्या दशकापासून त्याची सफाई चालू आहे. 1994-95 च्या सुमारास इथेच एका जुन्या सेमीकंडक्टर कारखान्याच्या जागेवर चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरला. भूजल आपल्या वाटेने त्यातून जातं आणि टीसीईमधला क्लोरीन सुटतो. पाणी वर उपसावं लागत नाही. कुणी पीत नाही म्हणून कुणी हात झटकले नाहीत, हे मी मित्रांना पुन्हा पुन्हा सांगते. शिवाय टीसीईची वाफ मातीतून घरांत शिरते, तिला नळ कुठून आलाय ते कळत नाही.

दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे. जमिनीत जिवाणूंना खाद्य सोडलं की ते टीसीई तोडतात, पण वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होतं आणि ते टीसीईहून घातक आहे. पुढचं काम करणारे जिवाणू तिथे नसले, तर गाडी तिथेच अडते. टीसीई तोडायला परमँगनेट हे रसायन सोडलं तर मातीतलं निरुपद्रवी क्रोमियम हेक्साव्हॅलंट, म्हणजे विषारी आणि पाण्यात विरघळणारं, होऊ शकतं. कॅलिफोर्नियातल्याच हिंकली गावात उलटा प्रकार. तिथे पीजी अँड ई या गॅस-वीज कंपनीच्या गॅस कंप्रेसर स्टेशनचं हेक्साव्हॅलंट क्रोमियम 1952 ते 1966 जमिनीत गेलं होतं. आता इथेनॉल सोडून त्याचं न विरघळणाऱ्या रूपात रूपांतर करतात, पण त्या प्रक्रियेत मातीतलं मँगनीज आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. म्हणून परवानगी देतानाच रीजनल बोर्ड, म्हणजे इथलं विभागीय जलगुणवत्ता मंडळ, विचारतं: आधीचे आकडे काय, प्रवाहाच्या खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी किती, मर्यादा ओलांडली तर सोडलेलं परत उपसणार कसं? चांगलं पाणी बिघडू द्यायचं नाही, हे कॅलिफोर्नियाचं धोरण 1968 चं आहे. पाणी साफ करणाऱ्यालाही ते लागू. (हिंकली गाव मात्र बरंचसं ओस पडलं. तेही खरंच.)

म्हणजे औषध सोडणं हा कामाचा छोटा भाग. मोठा भाग पुढची वीस-तीस वर्षं विहिरी तपासण्याचा, आणि नेमका त्याबद्दल आपल्याकडच्या वादात कुणी बोलत नाही. एक बाजू म्हणते तंत्रज्ञान आणा, दुसरी म्हणते विष घालू नका, आणि विहिरीत बाटली सोडून नमुना घेणारा माणूस दोघांच्याही हिशेबात नसतो. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांचे नियम काढले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. चांगलंच झालं. पण महाराष्ट्रात हे राबवायचं तर खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. पाणी भेगांतून वाहतं, सोडलेलं औषध कुठल्या भेगेने कुठे निघेल याचा भरवसा नाही. इथल्या वाळू-चिकणमातीपेक्षा तिथे जास्त विहिरी लागतील, कमी नाही.

एवढं बोलले की उत्तर ठरलेलं: तुझं काय जातंय, तू तिकडे राहतेस. हे मला लागतं. इथल्या जाहीर सूचनेवर मी हरकत लिहून पाठवली तर ती नोंदली जाते आणि तिला लेखी उत्तर मिळतं. मूळचे कुठले, कुणी विचारत नाही. जिओट्रॅकर या कॅलिफोर्निया सरकारच्या भूजल-नोंदींच्या संकेतस्थळावर माझ्या गल्लीखालचे आकडे मी वाचते आणि मला त्यांच्याबद्दल फारसं काही वाटत नाही. भोपाळच्या विहिरीची बातमी वाचली की झोप उडते. मग बोलायचा हक्क नेमका कुठे आहे माझा?

मध्य प्रदेशच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहिलेलं पत्र तयार आहे. आवाराभोवतालच्या प्रत्येक विहिरीचा निकाल, नमुन्याच्या तारखेसह, कुणालाही पाहता यावा एवढीच मागणी. वर पत्ता सनीव्हेलचा घालावा की भारतातल्या एखाद्या मित्राचा, यावर ते अडलंय.