सव्वाचारला भरलेला रात्री आठचा रकाना

शनिवारी संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्ही नेहमीचे पाच जण जमलो होतो आणि विषय मीच काढला, कारण दोन दिवस डोक्यातून जातच नव्हता. माझी आत्या 81 वर्षांची आहे, मूलबाळ नाही, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावरच आहे आणि गेले सात महिने कर्जत लाईनला एका वृद्धाश्रमात आहे. आम्ही जातो रविवारी सकाळी अकराला, भेटीची वेळच तशी आहे, तेव्हा चादरी पांढऱ्याशुभ्र, केस विंचरलेले, पावडर लावलेली, सगळं छान. या गुरुवारी कामासाठी तिकडे गेलो होतो म्हणून सव्वाचारला तसाच डोकावलो. आत्या उताणी झोपलेली आणि खाटेच्या पायाशी कूस बदलल्याचा तक्ता लटकवलेला, दर दोन तासांनी डावी, उजवी, उताणी असं लिहून सही करायची असते तो. त्यावर सहाची सही झालेली होती. रात्री आठची पण झालेली होती.

"आणि घड्याळात सव्वाचार?" पश्याने विचारलं.

सव्वाचारच. मी चादर वर करून पाय बघितले तर डाव्या टाचेवर लाल डाग, रुपयाच्या नाण्याएवढा. आमचा डॉक्टर, म्हणजे फिजिओथेरपिस्ट आहे तो, त्याने लगेच विचारलं की बोटाने दाबून बघितलंस का, दाबल्यावर पांढरा पडला की लालच राहिला. लालच राहिला म्हटल्यावर तो चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "मग बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात झाली आहे. पोटरीखाली उशी घाला, टाच हवेत राहिली पाहिजे. आणि तेल लावून चोळू नका, आपल्याकडे सगळे प्रेमाने चोळतात आणि आतलं अजून खराब होतं."

पश्याचं सुरू झालंच, तक्त्याचा फोटो काढलास का, व्हिडिओ टाक, आणि सरकारने हॉटेलांसारखे स्टार द्यायला पाहिजेत वृद्धाश्रमांना, दारावर लावा, लोकं बघून ठरवतील. डॉक्टर म्हणाला अमेरिकेत 2008 पासून नर्सिंग होमना, म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्या-आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या आश्रमांना, एक ते पाच स्टार देतातच की, पण सुरुवातीला बाहेरच्या माणसांनी केलेली तपासणी सोडली तर स्टाफ किती आणि बेडसोर किती हे आकडे होमवालेच भरून द्यायचे. "म्हणजे तुझ्या आत्याचा तक्ताच झाला ना तो, फक्त मोठा." मग त्यांनी स्टाफचे आकडे पगाराच्या नोंदींवरून घ्यायला सुरुवात केली, 2018 पासून स्टार देताना तेच धरतात, कारण पगार दिलेला माणूस खोटा दाखवणं जरा अवघड.

मनूची बहीण लीड्सला केअरर आहे, म्हाताऱ्यांची देखभाल करते, त्यामुळे तिला तिकडचं माहिती आहे. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन म्हणून तपासणी करणारी संस्था आहे, 2009 पासून, ते न सांगता येतात आणि पाच गोष्टी बघतात, सुरक्षित आहे का, उपयोग होतो का, माया आहे का, ज्याला जे लागतं त्याप्रमाणे करतात का, आणि चालवणारे कसे आहेत. रेटिंग दर्शनी भागात लावायची सक्ती आहे. मला तर हे ऐकूनच बरं वाटलं. पण मनूच म्हणाली की 2024 मध्ये सरकारने नेमलेल्या चौकशीत निघालं की कितीतरी ठिकाणी वर्षानुवर्षं कोणी फिरकलंच नव्हतं, जुनीच रेटिंग दारावर, आणि तिथले आरोग्यमंत्री उघड म्हणाले की ही संस्था काम करायच्या लायकीची राहिलेली नाही.

"मग झालं तर," मी म्हटलं, "आपणच बघायचं. माझे डोळे आणि आत्याची टाच, बाकी सगळे कागद." तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

सिस्टर आतापर्यंत गप्प होत्या. सिव्हिलला नर्स म्हणून रिटायर झाल्यात, आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, तलावपाळीला फेऱ्या मारून झाल्या की बसतात आमच्यात. त्यांनी एकच विचारलं, "रात्री तिथे मावशी किती?" मला माहीत नव्हतं. सात महिने पैसे भरतोय, एअरबेडचं भाडं वेगळं, डायपरचं वेगळं, एकेक बिल तपासतो, आणि हे कधी विचारलंच नव्हतं. तिथूनच मॅनेजरना फोन लावला. त्या वॉर्डात चौदा जणी, नऊ अंथरुणावर, रात्री एक मावशी, आठ ते आठ.

"आता हिशोब कर," सिस्टर म्हणाल्या. "कूस बदलायची, डायपर ओला असेल तर पुसून दुसरा घालायचा, पाठीला उशी लावायची, दोन घोट पाणी द्यायचं. माणशी दहा मिनिटं धर. नऊ जणींची नव्वद मिनिटं झाली. दोन तासांतली उरली तीस, त्यात बाकीच्या पाच जणींना बाथरूमला न्यायचं, एखादी ओरडत असते, एखादी उठून चालायला लागते, ती पडू नये म्हणून धावायचं. असं बारा तास न बसता. आणि एकटीला माणूस उचलता येत नाही, ओढावं लागतं, त्याने कातडी सोलते ते वेगळंच. ती बाई सही आधी करणार नाही तर काय करेल? तक्ता रिकामा ठेवला तर तिचाच पगार कापतील."

मी गुरुवारी त्या मावशींवर जोरात ओरडून आलो होतो. त्या काहीच बोलल्या नव्हत्या, फक्त आत्याच्या पायावर चादर नीट केली होती. ते आठवून मला फार वाईट वाटलं. ओरडायचं होतं तर ट्रस्टींवर ओरडायला पाहिजे होतं, माणसं किती ठेवायची हे मावशी ठरवत नाहीत.

मग सिस्टर बराच वेळ सांगत राहिल्या आणि आम्ही ऐकत होतो. वजनाची वही मागायची, दर महिन्याला वजन केलंय का, महिन्यात शेकडा पाच उतरलं तर कारण विचारायचंच (आत्या 44 किलोची, म्हणजे दोन-सव्वादोन किलो). रात्रीचं जेवण किती वाजता देतात आणि सकाळी पहिलं पोटात काय जातं, कारण स्वयंपाकीण लवकर सुटावी म्हणून साडेसहाला वाढतात आणि नाश्ता साडेआठला, म्हणजे चौदा तास उपाशी, त्यात शुगरच्या गोळ्या चालू असलेली म्हातारी असली तर पहाटे घाम फुटून पडते आणि सगळे म्हणतात वय झालं. पाण्याचा ग्लास हाताला लागतो का, नुसता टेबलावर भरलेला असून चालत नाही. कवळी तोंडात आहे की डबीत, चष्म्याची काच पुसलेली आहे का, कानाच्या मशीनचा सेल चालू आहे का, कारण ऐकू येत नाही आणि दिसत नाही म्हणून माणूस गप्प बसतो आणि लिहितात की आजी शांत आहेत. "आणि दिवसा फार झोपत असेल तर रात्रीची गोळी कधी चालू केली, कोणी लिहून दिली, हे विचार. गोळीने झोपवलेला पेशंट कूस बदला म्हणत नाही."

पश्या म्हणाला हे सगळं नियमात का नाही घालत. आहे की थोडं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढावा असं आहे, पण ते "राज्य सरकार काढू शकेल" अशा भाषेत. प्रत्येक खाजगी वृद्धाश्रमाची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक 2019 ला लोकसभेत आलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. तक्रारीला 14567 ची एल्डरलाईन आहे, टोल फ्री. मी म्हटलं बघा, शेवटी आपणच.

त्यावर मनू चिडली. "तुझ्या आत्याला तू आहेस रे. शेजारच्या खाटेवर कोण आहे?"

आहेत एक आजी. सात महिन्यांत त्यांच्याकडे कोणी आलेलं मी बघितलं नाही. आम्ही रविवारी गेलो की त्या भिंतीकडे तोंड करतात.

"त्यांची टाच कोण बघणार? म्हणून बाहेरचा माणूस पाहिजे, न सांगता येणारा, ज्याची त्या खोलीत कोणी आत्या नाही. लीड्सला ते बिघडलं म्हणून तपासणीच नको असं म्हणायचं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. नोंदणीही पाहिजे, न सांगता येणारी माणसंही पाहिजेत आणि आलेल्या माणसाने आधी रात्रीचं हजेरीपुस्तक आणि पगाराची वही मागितली पाहिजे, वजनाची वही मागितली पाहिजे आणि जिला कोणी भेटायला येत नाही तिचं पांघरूण आधी उघडून बघितलं पाहिजे.

रविवारी बायकोला घेऊन गेलो. आत्याच्या पोटरीखाली उशी होती, कोणी ठेवली विचारलं तर त्याच मावशी. मी माफी मागितली त्यांची. मग बायकोने शेजारच्या आजींना विचारलं, आजी, तुमचे पाय बघू का जरा. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण हाताने चादर हळूच बाजूला केली. दोन्ही टाचा लाल, उजवीवर फोड आलेला. मॅनेजरना तिथेच बोलावून दाखवलं, डॉक्टरांना बोलवायला लावलं आणि रात्रीच्या दुसऱ्या मावशीचं लेखी मागितलं, ते म्हणाले एक तारखेपासून ठेवतो.

भेटीची वेळ रविवार अकराचीच आहे, पण आम्ही आता ती पाळणार नाही असं त्यांना सांगूनच आलोय. बुधवारी रात्री नऊला पश्या आणि मनू जाणार आहेत, शुक्रवारी सकाळी साडेसहाला सिस्टर आणि मी.