वृद्धनिवास पाहायला डिसेंबरातच जावे

आई-वडिलांसाठी जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या परिसरातील वृद्धनिवास पाहायचा असेल, तर त्यासाठी डिसेंबरासारखा महिना नाही. त्या दिवसांत खान्देशात सकाळी स्वेटर लागतो, भरताची वांगी बाजारात आलेली असतात आणि पत्र्याखालची खोलीसुद्धा दुपारी सुखद वाटते. मे महिन्यात जाण्याची चूक करू नये. तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे कूलरमध्ये पाणी कोण भरते, वीज गेल्यावर पंखे किती वेळ चालतात आणि टँकर किती दिवसांनी येतो, असे नको ते प्रश्न मनात येतात.

निघण्यापूर्वी फोन करून वेळ ठरवून घ्यावी. न कळवता ऐन जेवणाच्या वेळी जाऊन उभे राहणे असभ्यपणाचे दिसते. आगाऊ कळवल्यास चादरी बदललेल्या मिळतात आणि आजी-आजोबा केस विंचरून व्हरांड्यात बसलेले असतात. व्यवस्थापक बाग आणि मंदिर दाखवतील. बाथरूम त्यांनी दाखवले नाही, तर आपणही हट्ट धरू नये. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना दरवाजा निदान ९०० मिलिमीटर रुंद असावा, फरशी न घसरणारी असावी, धरायला दांडे असावेत, असे निकष घालून दिले. परंतु आपण काही सदनिका विकत घेत नाही आणि वडील अजून काठीवर चालतात, तेव्हा खिशातील टेप बाहेर काढण्याचे कारण नाही.

तेथील रहिवाशांशी अवश्य बोलावे, मात्र प्रमाण मराठीतच बोलावे. ‘कसे वाटते येथे?’ असे विचारल्यास ‘छान आहे’ एवढे आटोपशीर उत्तर मिळते. ‘मावशी, कसं शे आठे?’ असे अहिराणीत विचारले, तर कळण्याच्या भाकरीची आठवण, पातळ वरण, रात्री वाजवूनही कोणी न ऐकलेली घंटा असे बरेच काही बाहेर येते आणि आपली परतीची गाडी चुकते.

रात्रीचा विषय तर मुळीच काढू नये. माहितीपत्रकात ‘२४ तास सेवा’ असे छापलेले असते, आणि छापलेल्यावर विश्वास ठेवणे हा आपला संस्कार आहे. रात्री दोन वाजता कोणी पडले तर उचलणार कोण, इन्सुलिन देणारी व्यक्ती शिकलेली आहे की कामाच्या मावशींनाच सिरिंज हातात देऊन ठेवली आहे, असे मी एकदा एका ठिकाणी विचारले होते. व्यवस्थापकांनी आधी चहा मागवला आणि मग आवारात किती झाडे आहेत ते सांगितले. झाडे खरोखरच पुष्कळ होती.

करारपत्र घरी नेऊन वाचण्याची सवय वाईट. अनामत रकमेपैकी किती परत मिळणार, हे त्यात बारीक अक्षरांत असते, आणि त्याहून बारीक अक्षरांत असे असते की, रहिवासी अंथरुणाला खिळल्यास नातेवाइकांनी त्यांना घेऊन जावे. ज्या दिवसासाठी आपण ही सोय शोधत आहोत, नेमका तोच दिवस सोयीतून वगळला आहे, हे कळले की उगाच झोप उडते. शेत मात्र त्याआधी नावावर करून घ्यावे आणि बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट येऊ देऊ नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडल्यास दिलेली मिळकत न्यायाधिकरण परत फिरवू शकते.

आणि ज्यांना तेथे राहायचे आहे, त्यांना या पाहणीला मुळीच नेऊ नये. आई सरळ खाटेवर जाऊन बसेल, उठताना धरायला काही आहे का ते हाताने चाचपडेल, आणि आपल्याला तीन तासांत न दिसलेले तिला दोन मिनिटांत दिसेल. गाडीत जागा असली, तरी रस्ता फार खराब आहे, असे सांगावे.