चढलेली काळी चार

पहाटे पाच वीसला फोन वाजला की दोनच शक्यता असतात. एक वाईट बातमी, नाहीतर आत्या.

"अरे, तानपुरा बोलत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे मुका झालाय. नवीन लॅपटॉपवर लाल लाल ओळी आल्यात. 'कुडन्ट क्रिएट' म्हणे. काय क्रिएट करायचं होतं त्याला?"

आत्याचा खरा तानपुरा मिरजेचा. खांदा धरल्यापासून तो खोळ घालून कोपऱ्यात उभा आहे. फोनमधला तानपुरा तिला प्लास्टिकचा वाटतो. म्हणून 2012 साली मी मोठ्या उत्साहात तिच्याच तानपुऱ्याच्या चारही तारा एकेक छेडून रेकॉर्ड केल्या आणि प्युअर डेटा (थोडक्यात पीडी) या आवाज घडवायच्या प्रोग्राममध्ये तिला पॅच, म्हणजे तारा वाजवणारी जोडणी, करून दिलं. तेव्हापासून तिचा रियाझ माझ्या जिवावर चालतो, आणि माझी झोप तिच्या मर्जीवर.

प्युअर डेटात कोड लिहायचा नसतो, चौकोन काढून ते तारांनी जोडायचे असतात. एका चौकोनात 'ऑस्क~ 440' लिहा, त्याखाली '*~ 0.1', त्याखाली 'डॅक~', की स्पीकर गुणगुणायला लागतो. नावामागची ती शेपटी दिसली, की इथून आवाज वाहतो असं समजायचं. मिलर पकेट यांनी 1980च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स नावाचा असाच प्रोग्राम लिहिला आणि 1990च्या दशकात हे प्युअर डेटा. फुकट आणि सगळ्यांना खुलं. जुनं पॅच नव्या आवृत्तीत उघडलंच पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष, म्हणून मूळ प्रोग्राम त्यांनी आटोपशीर ठेवला. त्याला म्हणतात व्हॅनिला. म्हणजे यजमानाने फक्त मांडव घालून दिला. आचारी, भांडी, बँडवाले ज्याचे त्याने आणायचे. ही बाहेरून आणलेली मंडळी, म्हणजे इतरांनी लिहिलेले जादा चौकोन, म्हणजे एक्स्टर्नल, आणि त्यांचे जथे म्हणजे लायब्रऱ्या.

2012 मध्ये मला यातलं काही कळायची गरजच नव्हती. तेव्हा पीडी-एक्स्टेंडेड होतं. डझनावारी लायब्रऱ्या एकत्र वाढलेली भरगच्च थाळी! मी ताटात येईल ते खात गेलो. हा पदार्थ कोणाच्या घरचा, हे विचारलं नाही. 2013 मध्ये 0.43.4 ही तिची शेवटची आवृत्ती आली आणि खानावळ बंद झाली. 2016 पासून व्हॅनिलातच डेकेन नावाची सोय आहे. हवी ती लायब्ररी शोधा, उतरवून घ्या. म्हणजे पदार्थ मिळतात, फक्त तुम्हाला नावं पाठ हवीत.

मला नव्हती.

रविवारी आत्याकडे जाऊन पॅच उघडलं. सोळा लाल ओळी. न सापडलेल्या चौकोनांच्या कडा तुटक रेघांच्या होतात, जोडलेल्या तारा मात्र तशाच राहतात. रेशनकार्डावर नाव आहे, माणसाचा पत्ता नाही!

पहिला तास फाइलच्या नावात गेला. प्रत्येक लायब्ररी विंडोजसाठी वेगळी, मॅकसाठी वेगळी, लिनक्ससाठी वेगळी. समोर 'लिनक्स-एएमडी64-32' होती. मी म्हटलं, 32 म्हणजे जुनाट, आपला लॅपटॉप 64चा. ती सोडून तासभर दुसरी हुडकत बसलो. मग कळलं, 64 हा आकडा प्रोसेसरचा आणि 32 हा दशांश संख्या किती बिटांत ठेवायच्या त्याचा. मला हवी होती तीच फाइल तासभर माझ्याकडे बघत होती.

मग काउंटर. चार तारा पाळीपाळीने छेडायच्या, प-सा-सा-सा, म्हणून मी काउंटर, म्हणजे आकडे मोजणारा चौकोन, वापरला होता. या नावाचा चौकोन सायक्लोन लायब्ररीत आहे आणि एल्स लायब्ररीतही आहे. दोघांची तऱ्हा वेगळी. मी भीतीपोटी दोन्ही लायब्रऱ्या घालून ठेवल्या आणि प्रोग्रामने भलताच काउंटर उचलला. तारा आपापल्या मर्जीने वाजू लागल्या. वाड्यात "प्रकाऽश" म्हणून हाक मारावी आणि भलताच प्रकाश यावा, तसं. उपाय तोच, आडनावासकट हाक मारायची: 'सायक्लोन/काउंटर'.

सगळ्यात छळलं ते फ्रीव्हर्ब~ने, म्हणजे घुमाऱ्याने. दुपारचं जेवण, आत्याची वामकुक्षी आणि माझी माणुसकी, तिन्ही त्यात गेलं. लायब्रऱ्या सांभाळणाऱ्यांना मी मनातल्या मनात बरंच बोललो. खरं तर बोलायला मला तोंड नाही. मी एकदा एक छोटी लायब्ररी कंपाइल करून चार लोकांना दिली होती. माझ्याकडे मस्त चालली. आठवड्यात एकाने विचारलं, मॅकची कधी? माझ्याकडे मॅक नाही. दुसऱ्याने विंडोजची मागितली. त्यानंतर मी त्या दोघांना बरेच दिवस टाळलं. ही मंडळी मात्र नोकरी सांभाळून, फुकट, तिन्ही घरचं वर्षानुवर्षं बघतात. नवा प्रोसेसर आला की पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी एकच लाल ओळ उरली: 'जुळव2नवं'. डेकेनमध्ये नाही. कुठेच नाही. हे असलं नाव कोण ठेवतं, म्हणून चिडलो आणि मग घाम फुटला. मीच ठेवलं होतं. माझीच वेगळी फाइल होती ती, जुन्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेली. आत्याच्या शिवणाच्या डब्यातल्या पेनड्राइव्हमध्ये तिची प्रत सापडली, म्हणून अब्रू वाचली.

पॅच उघडलं. लाल काही नाही. चौघी तारा बोलल्या. आत्या डोळे मिटून बसली, आणि लगेच उघडले.

"चढलाय."

"नाही गं."

"मी काळी चार लावते. हा पांढरी सहाच्या पुढे गेलाय आणि काळी पाच अजून आलेली नाही. मी नेमकं कुठे उभं राहायचं?"

काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, साधारण 208 हर्ट्झ. मोजलं तर 226. 'जुळव2नवं'ची खिडकी खालपर्यंत सरकवली. तळाशी माझीच टीप होती: "44100 ठेवणे. कारण नंतर लिहितो." रेकॉर्डिंग सेकंदाला 44100 नमुन्यांचं, आणि नवा लॅपटॉप सेकंदाला 48000 वाचत होता. भरभर वाचलं की सूर चढणारच. आकडा बदलला. काळी चार खाली उतरून जागेवर बसली.

"आता बरोबर," आत्या म्हणाली. "पण मागे हे काय घुमतंय?"

"तो फ्रीव्हर्ब. दुपारभर त्याच्यासाठीच बसलो होतो."

"न्हाणीघरात बसल्यासारखं वाटतंय. काढ तो."

मी चौकोनावर क्लिक केलं आणि बॅकस्पेस दाबलं.