‘आला तसा पाठवला’ म्हणून सुटका नाही

परवा आईने मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ गं, यात चूक काय आहे?" सध्या तो सगळीकडे फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: खोट्या बातम्या बॉट (म्हणजे आपोआप मेसेज टाकणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम) आणि पगारी माणसं पसरवतात, अमेरिकेतल्या विद्यापीठाने ते सिद्ध केलंय, तेव्हा साध्या माणसांना बोल लावू नका. ‘आला तसा पाठवला’ लिहिलं की आपण मोकळे. पेपर-चॅनल विकले गेलेत, खरं कळतं ते ग्रुपवरच. आणि मुलं पळवणाऱ्यांचा मेसेज आला तर डोळे झाकून पुढे पाठवा, खोटा निघाला तर कुणाचं काय गेलं?

या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं, म्हणून सुरुवात तिथूनच.

भांडुपला आईच्या बिल्डिंगमध्ये पंधरा वर्षांपासून एक बोहारीण येते. आईच्या ओट्यावरचा पोह्यांचा डबा तिच्याच पाटीतला, दोन जुन्या साड्यांवर घेतलेला. गेल्या आठवड्यात नव्या वॉचमनने तिला गेटवर अडवलं. चार सभासद खाली उतरले. तिला बोचकं सोडायला लावलं. आत कपडेच होते. आई वरून ओरडत होती, "अहो, ओळखीची आहे ती!" तरी तिचा फोटो काढला, आणि ‘मुलं पळवणारी टोळी, सावध राहा’ या ओळीसकट संध्याकाळपर्यंत तो तीन ग्रुपवर गेला. मी ग्रुपवर भांडले, तर उत्तर म्हणून हाच मेसेज आला.

कुणाचं काय गेलं ते राईनपाड्याला विचारा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्या वर्षी मुलं पळवण्याचा जो व्हिडिओ देशभर फिरला, त्यात मोटारसायकलवरचे दोघे एक मूल उचलून नेतात. तो कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा होता. मूळ जाहिरातीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात. तेवढा तुकडा कुणीतरी कापला होता. बाकीचं काम पुढे पाठवणाऱ्यांनी केलं. आणि प्रत्येक वेळी संशय कुणावर? दारोदार फिरून पोट भरणाऱ्यावर. सुटाबुटातल्या माणसाचं बोचकं कुणी सोडायला लावत नाही.

आता ते ‘अमेरिकेतलं विद्यापीठ’. मेसेज लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही. पण या विषयावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास एमआयटीचा आहे. सोरूश वोसुघी, देब रॉय आणि सिनान अरल यांचा तो अभ्यास मार्च २०१८मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला, आणि तो नेमकं उलट सांगतो. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर सुमारे ३० लाख लोकांनी ४५ लाखांहून जास्त वेळा पसरवलेल्या खऱ्या-खोट्या बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. १५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागला. मग त्यांनी बॉट ओळखून बाजूला काढले आणि पुन्हा मोजलं. निष्कर्ष तोच. बॉट खरं आणि खोटं सारख्याच वेगाने पसरवत होते. खोट्याला जास्त वेग दिला तो हाडामांसाच्या माणसांनी, कारण खोटं नवलाचं असतं आणि नवल लगेच सांगावंसं वाटतं.

हा अभ्यास ट्विटरचा आहे, व्हॉट्सॲपचा नाही, हे खरं. पगारी टोळ्या असतात, हेही खरं. पण आमच्या बोहारीण मावशीचा फोटो कुठल्या टोळीने नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला.

‘आला तसा पाठवला’बद्दल फार बोलायची गरज नाही. भारतीय न्याय संहितेचं ३५३वं कलम अफवा रचणाऱ्यासोबत ती फिरवणाऱ्यालाही धरतं. खरं मानायला वाजवी कारण आणि चांगला हेतू असेल तरच सूट आहे. आणि वाजवी कारण म्हणजे काय, तर निदान एकदा कुणाला तरी विचारून बघणं.

चॅनलबद्दलचा राग मात्र मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. नोव्हेंबर २०१६मध्ये दोन हजाराच्या नोटेत चिप आहे, हे चॅनलवाल्यांनीच घसा फोडून सांगितलं होतं. पण ती चिपची गोष्टही ग्रुपवर फिरत होतीच. चॅनल चुकलं म्हणून ग्रुप खरा ठरत नाही.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग तिचं काय?" मावशी त्या दिवसापासून आलेली नाही. सेक्रेटरींना मी सांगितलंय, जिथे जिथे फोटो गेला तिथे तिथे लिहा, ही आमच्या ओळखीची बोहारीण आहे, आमची चूक झाली. आतापर्यंत एकाच ग्रुपवर लिहिलंय. उरलेल्या दोन ग्रुपवर फोटो अजून तसाच आहे.