नाव फुटतं ते ऑफिसातूनच

लैंगिक छळाची तक्रार घेऊन ‘मुली अंतर्गत समितीकडे जातच नाहीत’ हे लेखातलं रडगाणं पटलं नाही. जातील कशा? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ सांगतं की तक्रारदार, आरोपी, साक्षीदार कुणाचंच नाव बाहेर जाता कामा नये. माहिती अधिकारातही नाही. पण नियमानुसार अर्जाच्या सहा प्रती द्यायच्या. आमच्या कॉलेजात त्या झेरॉक्सला शिपाई घेऊन गेला, आणि आवक-जावक रजिस्टरच्या ‘विषय’ रकान्यात क्लार्कने मुलीचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं! संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये तीच चर्चा. नाव फोडल्याचा दंड किती, तर पाच हजार रुपये. तोही कुणी भरल्याचं निदान आमच्याकडे तरी ऐकिवात नाही. समितीच्या अध्यक्षांकडे बंद पाकीट थेट देता येईल, एवढी सोय तरी आधी करा.