नीना हागेनचा ‘पुठ्ठा’ आणि माझी एक चूक

नमस्कार. नीना हागेन या जर्मन पंक (बंडखोर रॉक) गायिकेवरच्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की निम्मं तरी बरोबर आहे. म्हणून चार ओळींत न उरकता सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचे आक्षेप तीन. एक, कवी-गायक वोल्फ बीरमान हे नीना हागेनचे वडील नव्हेत. दोन, कॅमेऱ्यातल्या रंगीत फिल्मवर तिने गायलेल्या गाण्यात मी नसलेलं राजकारण शोधलं. आणि तिसरा, खरा बोचरा: ही बाई सिनेनटीची लाडकी लेक, सरकारी संस्थेत शिकलेली, सरकारी परवान्यावर गाणारी, बंड तिला सुचलं ते कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतून पश्चिम जर्मनीत पोचल्यावर, जिथे त्याला भाव होता.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. चूक माझीच. वडील हान्स ओलिव्हा-हागेन, पटकथाकार. आई एव्हा-मारिया हागेन, पूर्व जर्मनीतली गाजलेली नटी. नीनाचा जन्म 11 मार्च 1955 चा, पूर्व बर्लिनमधला, आणि ती लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. बीरमान आईच्या आयुष्यात आले 1965 च्या सुमारास. माझी गल्लत झाली कारण पुढे खुद्द नीनाच अधिकाऱ्यांपुढे स्वतःला त्यांची मुलगी म्हणवून घेते. पण तिने म्हणणं वेगळं आणि मी लेखात छापणं वेगळं. लेख दुरुस्त केला आहे.

आता ‘लाडकी लेक’. हे वाचून मला थांबावंसं वाटलं. नीनाचे आजोबा, वडिलांचे वडील, ज्यू वंशाचे. नाझींच्या जाक्सेनहाउझेन छळछावणीत मेले. बीरमान यांचे वडील कम्युनिस्ट आणि ज्यू. 1943 मध्ये आउश्वित्झमध्ये मारले गेले. म्हणजे फॅसिझमविरोधी म्हणून मिरवणाऱ्या राजवटीत या घराण्याची पुण्याई मोठी होती, हे खरंच. पण डिसेंबर 1965 मध्ये सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीची अकरावी बैठक झाली आणि बीरमानवर गाण्याची, छापण्याची, दोन्हींची बंदी आली. नीना तेव्हा दहा वर्षांची. बंदी घातलेला माणूस घरी येतो-जातो, त्यामुळे आईच्या भूमिका कमी होत जातात, श्टाझीची, म्हणजे गुप्त पोलिसांची, नजर घरावर असते. हे लाड मला तरी कुणाकडून करून घ्यायचे नाहीत. अभिनयाच्या शाळेत अर्ज केला तर तिथेही प्रवेश मिळाला नाही. नटीच्या मुलीला!

मग ती गाण्याकडे वळली, आणि इथे तुमचा परवान्याचा मुद्दा येतो. पूर्व बर्लिनमधल्या मनोरंजन-कलेच्या सरकारी केंद्रात तिने वर्षभर शिक्षण घेतलं, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. पण त्यावरून काढलेला अर्थ मला पटत नाही. त्या देशात रंगमंचावर उभं राहून पैसे घ्यायचे तर समितीपुढे गाऊन दाखवावं लागे. समिती दर्जा ठरवी, दर्जावरून मानधन ठरे. परवान्याला कलाकार आपसात ‘पुठ्ठा’ म्हणत. शिवाय 1958 पासून नियम होता की कार्यक्रमातलं 60 टक्के संगीत समाजवादी देशांतलं हवं, पाश्चात्त्य फार तर 40 टक्के. रेकॉर्ड काढायची तर अमिगा ही सरकारी कंपनी. ‘परवान्यावर गाणारी’ हे तिथल्या प्रत्येक व्यावसायिक गायकाचं वर्णन आहे. आपल्याकडे कुणाला ‘रेशनकार्डावर साखर घेणारी’ म्हणून हिणवावं, तसं झालं हे. ज्याला पुठ्ठा नाही त्याने गायचं कुठे? बीरमान गायले, शोसेश्ट्रासवरच्या आपल्या राहत्या घरात. ते ध्वनिमुद्रण पश्चिमेत प्रसिद्ध झालं. रस्त्यावरच्या वाहनांचा आवाजही त्यात आला आहे.

फिल्मच्या गाण्याबाबत मात्र अर्धी माघार घेते. 1974 मध्ये, ‘आउटोमोबिल’ या बँडबरोबर, एकोणीस वर्षांच्या नीनाने ते गायलं. शब्द कुर्ट डेमलर यांचे, चाल मिखाएल होयबाख यांची, त्यामुळे ‘तिचं’ गाणं म्हणताना जपूनच म्हणायला हवं होतं. हिडेन्झे बेटावर सुट्टीला गेलेली मुलगी मिखाएल नावाच्या मित्रावर करवादते: रंगीत फिल्म विसरलास, आता इथलं सौंदर्य कोण खरं मानणार? ‘तिथे रंगीत फिल्म मिळतच नसे’ असं मी लिहिलं ते चुकलं. ओर्वो या तिथल्या कंपनीची फिल्म पूर्व जर्मनीतल्याच वोल्फेन गावात तयार होत होती. आग्फाची रंगीत फिल्म 1936 मध्ये जन्मली ती त्याच कारखान्यात. पण सगळं करड्या रंगात उतरणार ही तक्रार त्या देशातल्या माणसांनी नुसती बेटाबद्दलची म्हणून ऐकली असेल, हे मला पटत नाही. आणि ती ऐकून लोक हसले, म्हणून ती राजकीय नव्हती असंही नाही. 2021 मध्ये पूर्व जर्मनीत वाढलेल्या, पदावरून निवृत्त होणाऱ्या जर्मन चॅन्सेलर अंगेला मेर्केल यांनी लष्करी निरोप समारंभासाठी हेच गाणं निवडलं. आपल्या तारुण्यातला तो एक ठळक क्षण होता, एवढंच त्या म्हणाल्या. लष्करी बँडवर ते काहीसं अवघडलेलं वाजतं, पण एकदा जरूर ऐका.

राहिलं ‘बंड पश्चिमेत गेल्यावर’. तारखा बघा. 13 नोव्हेंबर 1976 ला बीरमान पश्चिम जर्मनीतल्या कोलोनमध्ये गायले. 16 तारखेला त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. नीनाने देश सोडण्याचा अर्ज केला आणि जाऊ दिलं नाही तर मीच पुढची बीरमान होईन असं बजावलं. परवानगी काही दिवसांत हातात पडली. इतरांचे असे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहत. एकवीस वर्षांच्या, नुकत्याच लोकप्रिय झालेल्या गायिकेने हे पूर्व बर्लिनमध्ये बसून केलं, लंडनचं पंक बघण्याआधी.

 

मात्र तुमच्याच मुद्द्यातून एक गोष्ट मला नव्याने दिसली, त्याबद्दल आभार. 1978 चा नीना हागेन बँडचा पहिला अल्बम काढा. टीव्हीपुढे एकट्या बसलेल्या माणसाचं गाणं त्यात आहे, एका अमेरिकन गाण्याच्या चालीवर नवे शब्द. ती गुरगुरते, किंचाळते आणि मधेच ऑपेरातल्यासारखा आवाज टिपेला नेते, पण श्वास कुठे तुटत नाही. तेव्हाच्या पंकवाल्यांत असा तयार गळा क्वचितच सापडेल. सरकारी केंद्रातल्या त्या वर्षभराच्या शिक्षणाचा वाटा यात किती, हे तुम्ही ऐकून सांगा.