पाऊस दिसला पाहिजे

पावसाळ्यातला रविवार हा सुट्टीचा दिवस असतो असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांच्या घरात चित्रीकरणाची हौस असलेला भाचा नसावा. आमच्या घरात तो आहे. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहातले जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून शनिवार-रविवार आमच्याकडे असतो, आणि शुक्रवारी रात्री आम्ही जो चित्रपट पाहायला बसतो त्याच्या कथेशी, अभिनयाशी किंवा संगीताशी त्याला काडीचेही कर्तव्य नसते. नायक मरणशय्येवर पडलेला असतो, सौ.ने पदर डोळ्यांना लावलेला असतो, आणि हा रिमोटने दृश्य थांबवून सांगतो, ‘‘मामी, त्याच्या डोळ्यात चौकोन दिसतोय बघ. समोर सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडाआडचा चौकोनी दिवा लावलाय.’’ मामीला चौकोन दिसतो. त्यानंतर नायक मेला काय आणि जगला काय, ती पुढे येणाऱ्या प्रत्येक पात्राच्या डोळ्यात चौकोन शोधत बसते.

आषाढातल्या अशाच एका शुक्रवारी पडद्यावर पावसातले गाणे लागले होते. बाहेर खराखुरा पाऊस इतका कोसळत होता की खिडकी लावल्याशिवाय गाणे ऐकू येईना. भाच्याने दृश्य थांबवले. ‘‘या लोकांना टँकर मागवून पाऊस पाडावा लागतो, आणि आपल्याकडे फुकटचा वाया चाललाय,’’ तो म्हणाला. हे वाक्य ऐकताच मी पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात निघून जायला हवे होते, पण तेवढ्यात लोहगडाचे नाव निघाले, सौ.ने ‘‘जाऊन या की, नाहीतरी रविवारी लोळतच असता,’’ असा कौल दिला, आणि माझी त्या चित्रपटात नेमणूक झाली. नायक म्हणून झाली की हमाल म्हणून, याचा उलगडा शनिवारी संध्याकाळी झाला.

शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण वाढता आले नाही. तिथे मोबाइल, त्याला स्थिर धरणारा मोटारींचा दांडा, छातीला बांधायचा छोटा कॅमेरा, दिव्याची चौकोनी पाटी, माइक, दोन पॉवर बँक आणि यांतल्या कोणत्याच दोघांना सामाईक नसलेल्या वायरी पसरलेल्या होत्या. मिक्सरचे बटण चार्जरने अडवले होते, त्यामुळे चटणी खलबत्त्यात कुटावी लागली. माइकला वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून एक करडे केसाळ आवरण होते. अंधारात त्याच्यावर हात पडल्याने सौ. ओरडली आणि तिने ते झाडूने दारापर्यंत नेलेही होते. सगळी यंत्रे सॅकमध्ये आडवी-उभी बसवून झाल्यावर दशम्यांच्या डब्याला जागा उरली नाही. कॅमेऱ्यासाठी नवेकोरे रेनकव्हर आणले होते. माझ्यासाठी गेल्या वर्षीचा रेनकोट होता, काखेत उसवलेला. दशम्या त्याच्या खिशात गेल्या.

सकाळच्या लोणावळा लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, हे मी अनुभवाने सांगतो, कारण शिवाजीनगरपासून तळेगावपर्यंत मी एकाच पायावर होतो. कामशेतच्या आसपास मनगटावरचे घड्याळ थरथरले आणि त्याने आपुलकीने सुचवले की, आपण बराच वेळ बसून आहात, तेव्हा थोडे उभे राहावे. हे घड्याळ बहिणीने मला पन्नाशीला भेट दिले आहे. ते मनगटावर हिरवा प्रकाश पाडते आणि रक्त तो किती शोषून घेते त्यावरून माझी नाडी मोजते. एवढे खोलवर पाहणाऱ्या यंत्राला मी उभा आहे की बसलो आहे हे मात्र वरवरही कळू नये, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. पुढे दिवसभर त्याच्या वागण्यात जे सातत्य दिसले ते पाहता वाटायला नको होते.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला हे आपण शाळेत पाठ करतो. सरस्वतीबाई फाळक्यांनी त्यासाठी फिल्मला छिद्रे पाडली, ती धुतली आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला, हे मात्र कोणी परीक्षेत विचारत नाही. पाठीवर सॅक, एका हातात तिपाई, दुसऱ्या हातात दिव्याची पाटी आणि खिशात दशम्या अशा थाटात मी मळवलीला उतरलो, तेव्हा त्या माउलीविषयी जे वाटले ते कुठल्याही पाठ्यपुस्तकाने वाटू दिले नव्हते. भाचा मोकळ्या हातांनी पुढे चालला होता, कारण दिग्दर्शकाला दृश्य सुचण्यासाठी हात मोकळे लागतात.

द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावात शिरेपर्यंत पाऊस रिमझिम होता. लेण्यांच्या पायऱ्या मागे टाकून गायमुख खिंडीच्या चढाला लागलो आणि त्याने खरे रूप दाखवले. भाच्याच्या फोनला जलरोधक पिशवी होती. माझा फोन दुय्यम दर्जाचा म्हणून उघड्यावर होता आणि त्याच्यावर नकाशा पाहायचे काम माझ्याकडे होते. फोनच्या पडद्याखाली विजेचे सूक्ष्म क्षेत्र असते, बोट टेकले की ते बदलते आणि फोनला आज्ञा मिळते, हे मला ठाऊक होते. पावसाचा थेंबही ते तसेच बदलतो आणि आज्ञा देतो, हे त्या चढावर समजले. माझ्या डोळ्यांदेखत पावसाने माझा फोन चालवायला घेतला. त्याने बॅटरी लावली, नकाशा बारामतीपाशी नेऊन ठेवला आणि नातेवाइकांच्या गटात मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याच्या बातमीखाली एक रडका चेहरा उमटवला. तो पुसावा तर फोनला कुलूप पडले होते, आणि भिजून सुरकुतलेल्या माझ्या बोटाचा ठसा त्याला ओळखता येईना. मावसबहिणीला अजूनही वाटते की, मुलाकडच्यांविषयी मला काहीतरी माहीत आहे आणि मी ते सांगत नाही.

लोहगडवाडीच्या पुढे पायऱ्या सुरू होतात आणि गणेश, नारायण, हनुमान असे दरवाजे घेत वाट नागमोडी वर महादरवाज्याकडे जाते. शत्रूला वेग घेता येऊ नये म्हणून बांधलेली ही रचना रविवारच्या पर्यटकांविरुद्ध आजही चोख काम करते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत लोहगड आहे. तो वारसा पाहायला अर्धे पुणे आणि पाऊण पिंपरी-चिंचवड त्या दिवशी पायऱ्यांवर उभे होते. अशा ठिकाणी भाच्याने मला पहिले दृश्य समजावून सांगितले. ‘‘मामा, तू गणेश दरवाज्यातून एकटा चालत यायचंस. विचारात हरवलेला. आजूबाजूला चिटपाखरू नाही.’’

मी विचारात हरवून चालत आलो. माझ्याबरोबर एकाच रंगाचे पोंचो घातलेली एक पूर्ण कंपनी चालत आली. दुसऱ्या वेळी एक गृहस्थ मक्याचे कणीस खात माझ्यापुढून गेले आणि कॅमेरा पाहून परत आले. तिसऱ्या वेळी दरवाजा जवळजवळ मोकळा मिळाला होता, पण भाच्याच्या मते मी विचारात हरवलेला नसून पाकीट हरवलेला दिसत होतो. पायरीच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाखाली एक आजी काकड्या आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हा प्रकार बराच वेळ निमूटपणे पाहिला आणि शेवटी काकडीला तिखट-मीठ लावता लावता विचारले, ‘‘लग्नाआधीचं ते शूटिंग असतंय, तेच हाय न्हवं?’’ भाचा हसला. त्या मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, ‘‘मग नवरी कुठाय?’’

यावर समर्पक उत्तर सुचायच्या आत शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय सटकला आणि मी उताणा पडलो. सॅक पाठीवर असल्याने मला फारसे लागले नाही. पॉवर बँक मणक्यात रुतली तेवढेच. भाचा धावत आला आणि कळवळून म्हणाला, ‘‘शी! स्लो मोशन चालू नव्हतं.’’ माझी विचारपूस केली ती घड्याळाने. आपण जोरात पडलात असे दिसते, आपण ठीक आहात का, असे त्याने विचारले आणि उत्तर आले नाही तर मदतीसाठी फोन लावण्यात येईल असा इशारा देऊन आकडे उलटे मोजायला सुरुवात केली. ‘मी ठीक आहे’ हे बटण पडद्यावर स्पष्ट दिसत होते, पण ओल्या बोटाला ते दाद देईना. मी अंगठा लावला, कोपर लावून पाहिले, शेवटी नाकही टेकवले. घड्याळ किंचाळू लागले.

त्या बारीकशा यंत्रात एवढा आवाज असेल अशी माझी कल्पना नव्हती. दगडी भिंतींमध्ये तो असा घुमला की वरून उतरणारे जागीच थांबले, खालून चढणारे मागे सरले, कोणीतरी ‘‘स्ट्रेचर येतंय, वाट द्या,’’ असे ओरडले, आणि संपूर्ण गणेश दरवाजा रिकामा झाला. पोंचोवाली कंपनी भिंतीला चिकटून उभी राहिली. कणीसवाल्या गृहस्थांनी कणीस खाली घेतले. ‘‘मामा, ऊठ! चाल!’’ भाच्याचा आवाज आला. मी उठलो आणि लंगडत, कमरेवर हात ठेवून, अंगातून भोंगा वाजत असताना त्या ऐतिहासिक दरवाज्यातून एकटा चालत गेलो. विचारात मी खरोखरच हरवलो होतो, असे भाच्यानेही मान्य केले. घड्याळाचा फोन लागलाच नाही, कारण तिथे रेंज नव्हती.

पुढचे दृश्य माकडांमुळे झाले नाही. हनुमान दरवाज्याच्या भिंतीवर एक पोक्त वानर बसले होते. त्याने दशम्यांकडे पाहिलेही नाही, ही गोष्ट सौ.ला मी सांगितलेली नाही. त्याने हात लांब करून माइकचे केसाळ आवरण अलगद उपसून घेतले, मांडीवर ठेवले, आणि केस दोन्ही अंगठ्यांनी विंचरून, ओळीने, अत्यंत सावकाश, त्यात उवा शोधायला लागले. एक बाजू झाली तेव्हा उलटून दुसरी पाहिली. त्या संपूर्ण दिवसात इतक्या मन लावून काम करणारा मला दुसरा कोणी दिसला नाही. एकही ऊ न सापडल्याने त्याने आवरण दरीत भिरकावले.

माथ्यावर नाना फडणविसांच्या काळातले सोळा कोनांचे तळे आहे. धुक्यामुळे त्यांतले दोन कोन दिसले. विंचूकाटा, म्हणजे गडाची विंचवाच्या नांगीसारखी सोंड, ज्याच्यासाठी माणसे लोहगडावर येतात, तो कुठल्या दिशेला आहे हे एका कुत्र्याच्या मागे गेल्यावर कळले. तिथे भाच्याला ढगांचे धावते चित्रण करायचे होते: ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपायचे आणि मग सगळी भरभर पळवायची. हीच युक्ती फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचे रोप वाढताना दाखवण्यासाठी वापरली होती आणि तो लघुपट पाहून त्यांना भांडवल मिळाले होते, असे मी त्याला सांगितले. पण वाटाण्याला निदान कोंब येतो. आमच्या कॅमेऱ्यासमोर आधी पांढरे होते, नंतरही पांढरेच राहिले, आणि मध्ये छत्री धरून उभा असलेला मी तेवढा हळूहळू निळा पडत गेलो. तेवढ्यात भाच्याच्या फोनची बॅटरी संपली. मी घरापासून वाहून आणलेली आणि मणक्यात घेतलेली पॉवर बँक ज्या अभिमानाने बाहेर काढली तो क्षणभरच टिकला. वायर जोडताच फोनने जाहीर केले की, चार्जिंगच्या जागेत ओलावा आढळला असून तो सुकेपर्यंत चार्जिंग होणार नाही. लोहगडावर आषाढात काही सुकण्याची वाट पाहणे म्हणजे दिवाळीपर्यंत मुक्काम करणे होय. आम्ही खाली उतरलो, वाडीत पिठले-भाकरी खाल्ली, आणि परतीच्या लोकलमध्ये घड्याळाने माझे अभिनंदन केले.

पुढच्या शनिवारी बहीण आणि मेव्हणे यांच्या उपस्थितीत टीव्हीवर चित्रपटाचा पहिला खेळ झाला. एका रविवारचा तो जेमतेम दीड मिनिटात आटोपला. दरवाजा सुंदर दिसत होता, माझे लंगडणेही उठून दिसत होते, पण सगळे पाहून झाल्यावर मेव्हणे म्हणाले, ‘‘पाऊस उघडला होता वाटतं तुम्ही गेलात तेव्हा?’’

खरोखरच पडद्यावर पाऊस नव्हता. हाडांपर्यंत भिजलेला एक मनुष्य कोरड्या हवेत चालत होता आणि प्रेक्षकाला त्याच्या ओलेपणाचे कारण कळत नव्हते. पडणारा थेंब पारदर्शक आणि वेगवान असतो, समोरच्या उजेडात तो कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून चित्रपटवाले जाड धारा सोडतात आणि त्यांच्या मागून दिवा मारतात, हे भाच्याने तेव्हा सगळ्यांना समजावून सांगितले. हे त्याला आदल्या शनिवारी ठाऊक होते का, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही, कारण तो माझ्याकडे पाहतच नव्हता. तो गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायच्या नळीकडे पाहत होता. ‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘तुझे फक्त क्लोजअप घ्यायचेत. पाऊस गच्चीवर पाडू.’’

त्या रविवारी महिन्याभरानंतर प्रथमच लख्ख ऊन पडले होते. इमारतीतल्या समस्त गृहिणींनी गच्चीवर गाद्या आणि उशा वाळत घातल्या होत्या. त्यांच्या मधोमध उसवलेला रेनकोट घालून, पाठीवर रिकामी सॅक घेऊन मी विचारात हरवून उभा होतो, माझ्यामागे सौ. गणपतीतला हॅलोजन धरून होती, मेव्हणे स्टुलावर चढून माझ्यावर नळी सोडत होते, आणि भाचा ‘‘थेंब जाड हवेत, बाबा, अंगठा दाबा,’’ असे ओरडत होता, एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीचा पत्रा वाजला म्हणून वर आले. त्यांनी गाद्यांकडे पाहिले, हॅलोजनकडे पाहिले, माझ्या टोपीवरून ओघळणाऱ्या सोसायटीच्या पाण्याकडे पाहिले आणि मला विचारले, ‘‘काय चाललंय काय हे?’’

‘‘मामा, बोलू नकोस,’’ भाचा म्हणाला. ‘‘काका, तुम्ही जरा डावीकडे सरका, तुमची सावली पावसावर पडतेय.’’

सेक्रेटरी सरकले.